नोंदवहीबाहेरची जखम

एड्सचा जो इतिहास आजवर लिहिला गेला त्यात रोगी आहे, त्याचा डॉक्टर आहे, विषाणू शोधणारा शास्त्रज्ञ आहे, औषध विकणारी कंपनी आहे आणि अलीकडे समाजसेवकही आहे. रोग्याच्या खाटेखाली पडलेली सुई उचलणारा माणूस त्यात सहसा सापडत नाही. इस्पितळात, शवागारात, रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांना कामावर असताना एच.आय.व्ही.ची बाधा होऊ नये म्हणून गेल्या चाळीस वर्षांत नियम झाले, कायदे झाले, औषधे निघाली. हे संरक्षण कुणी मिळवले आणि ते सर्जनपासून झाडूवाल्यापर्यंत उतरताना वाटेत कुठे अडकले, एवढाच या लेखाचा विषय आहे. मी वैद्यकाचा माणूस नाही, इतिहास शिकवतो. परंतु रोगाचा इतिहास केवळ वैद्यांनी लिहिला की कामगार त्यातून गळतो, हा अनुभव असल्यामुळे हे धाडस करतो आहे.

या हकिकतीची सुरुवात एड्सच्या आधी करावी लागते. हेपॅटायटिस-बी ही रक्तातून पसरणारी कावीळ. बाधित रोग्याला टोचलेली सुई लस न घेतलेल्या कामगाराला लागली तर ही कावीळ होण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत असते. एच.आय.व्ही.च्या बाबतीत हेच प्रमाण हजारात तीनच्या आसपास आहे. म्हणजे कामगाराच्या दृष्टीने जुना रोग कितीतरी पटीने अधिक चिवट. १९८३ या एका वर्षात अमेरिकेत सुमारे १७ हजार आरोग्य-कामगारांना हेपॅटायटिस-बीची बाधा झाली, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. त्यातून यकृत सडून दरवर्षी दोनशेच्या वर माणसे मरत. लस १९८१ सालीच मंजूर झाली होती. पण ती महाग होती, आणि इस्पितळाच्या मालकाने ती कामगाराला फुकट द्यावी अशी सक्ती नव्हती. नर्सेस, प्रयोगशाळेतले लोक, कपडे धुणारे, फरशी पुसणारे यांनी कावीळ हा आपल्या धंद्याचा भोग आहे असे धरून चालावे, अशीच ती व्यवस्था होती. आपल्याकडे ज्याला प्राक्तन म्हणतात त्याचाच हा अमेरिकन अवतार.

मग एड्स आला. १९८४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात इंग्लंडमधील एका नर्सची हकीकत प्रसिद्ध झाली. रोग्याचे रक्त काढलेली सुई हाताला लागून तिला बाधा झाली होती. त्या वेळी या रोगावर औषध नव्हते. आता भीती सर्जनच्या मनातही उतरली आणि जे प्राक्तन होते त्याला एकदम 'व्यवसायजन्य धोका' असे प्रतिष्ठित नाव मिळाले. या भीतीने पहिल्याप्रथम रोग्यालाच छळले. जेवणाची ताटे खोलीच्या दाराबाहेर ठेवून माणसे निघून जात. रोग्याच्या अंगाला हात लावायला कर्मचारी तयार नसत. ताट बाहेर ठेवणे, पाणी वरून ओतणे, सावली टाळणे हे सारे आपल्याला वाचून कळावे लागत नाही.

ऑगस्ट १९८७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एक सूचनापत्र काढले. त्यातील तत्त्वाला 'सार्वत्रिक सावधगिरी' म्हणतात. तत्त्व असे की कुणाला बाधा आहे आणि कुणाला नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही, चाचणीवरूनही दरवेळी वेळेत कळत नाही; म्हणून प्रत्येकाचे रक्त बाधित आहे असे समजून वागावे. हातमोजे सर्वांसाठी. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवायचे नाही, ती वाकवायची नाही, तशीच टोचणार नाही अशा जाड डब्यात टाकायची. माणूस उंची गाडीतून आलेला असो की रस्त्यावरून उचलून आणलेला असो, नियम एकच.

हे तत्त्व मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्यात वैद्यकापेक्षा काहीतरी अधिक दिसले. अस्पृश्यता ज्या बुद्धीने चालते तिच्या नेमके उलट हे तत्त्व चालते. अस्पृश्यता आधी माणूस निवडते, त्याच्यावर खूण करते, त्याला गावकुसाबाहेर बसवते आणि मग उरलेल्यांना निर्धास्त करते. सार्वत्रिक सावधगिरीत खूण माणसावर नसते. रक्त हा पदार्थ धोक्याचा धरला जातो आणि तो कुणाचाही असो, सारखाच धरला जातो. आपल्या इस्पितळांनी नेमके हेच तत्त्व घेतले नाही. केसपेपरवर लाल शाईने मोठी अक्षरे लिहिणे, खाट संडासाजवळच्या कोपऱ्यात सरकवणे, शस्त्रक्रियेच्या यादीत त्या रोग्याला शेवटी टाकणे, हे प्रकार आपल्याकडे वर्षानुवर्षे चालले. नवे शास्त्र आले, पण ते जुन्या सवयीच्या साच्यात ओतले गेले. त्यात रोग्याचा अपमान तर झालाच, शिवाय कामगाराचा घात झाला. कारण ज्या केसपेपरवर लाल अक्षरे नाहीत त्याची सुई निर्धोक, असा खोटा समज त्यातून पसरला.

सूचनापत्र आणि कायदा यांत फार अंतर असते. सूचना पाळली नाही म्हणून मालकाला दंड होत नाही. हे अंतर कुणी तोडले, हे आपल्या चळवळीने लक्षात घेण्यासारखे आहे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी अमेरिकेतील मेम्फिस शहरात एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार पाऊस चुकवण्यासाठी कचऱ्याच्या गाडीत शिरले आणि गाडीचे कचरा दाबणारे यंत्र अचानक चालू होऊन चिरडले गेले. त्यानंतर तेराशे सफाई कामगारांनी संप केला. 'मी माणूस आहे' असे फलक गळ्यात अडकवून ते रस्त्यावर उतरले. त्यांना पाठिंबा द्यायला गेलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल १९६८ रोजी त्याच शहरात मारले गेले. काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते आपण ब्लॅक पँथरच्या नावाने सांगतो आणि १९७२ च्या दलित पँथरचा उगम तिथे शोधतो. ते खरेच आहे. पण मेम्फिसच्या कचरागाडीशी असलेले आपले नाते अधिक जवळचे आहे आणि ते आपण कमी सांगितले.

मेम्फिसचे ते कामगार ज्या संघटनेचे सभासद होते त्या राज्य, जिल्हा व नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या महासंघानेच सप्टेंबर १९८६ मध्ये अमेरिकेच्या श्रमसुरक्षा खात्याकडे अर्ज केला. मागणी अशी की रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून कामगाराचे संरक्षण करणारा सक्तीचा नियम तातडीने करा. पाठोपाठ इस्पितळ कामगारांच्या इतर संघटनांनीही तसेच अर्ज केले. खात्याने तातडीचा नियम नाकारला, परंतु नेहमीच्या पद्धतीने नियम करण्याचे काम सुरू केले. त्याला पाच वर्षे लागली. ६ डिसेंबर १९९१ रोजी नियम प्रसिद्ध झाला. हेपॅटायटिस-बीची लस मालकाच्या खर्चाने, हातमोजे मालकाच्या खर्चाने, प्रशिक्षण कामाच्या वेळेत, सुई लागली तर तपासणी आणि उपचार फुकट, आणि कामगाराचे नाव गुप्त. ज्याच्या कामात रक्ताशी संबंध येणे संभवते तो प्रत्येक नोकर यात धरला गेला. धोबीखात्यातला, फरशी पुसणारा, रुग्णवाहिकेवरचा, सगळे. दंतवैद्यांच्या संघटनेला हा नियम फार जाचक वाटला, ती न्यायालयात गेली. १९९३ साली अपील न्यायालयाने नियम जवळजवळ संपूर्ण कायम ठेवला. परिणाम काय झाला? १९८३ साली १७ हजारांवर असलेली हेपॅटायटिस-बीची बाधा १९९५ साली ४०० वर आली. म्हणजे जुन्या रोगात मरणाऱ्या कामगारांचा जीव नव्या रोगाच्या भीतीने वाचवला.

याच १९९१ सालची दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. फ्लोरिडातील एका दंतवैद्याकडून त्याच्या रोग्यांना बाधा झाल्याचे त्याआधी उघडकीस आले होते. जुलैमध्ये सिनेटर जेसी हेल्म्स यांची एक दुरुस्ती सिनेटने मोठ्या बहुमताने संमत केली: बाधा झालेल्या आरोग्य-कर्मचाऱ्याने रोग्याला न सांगता शस्त्रक्रियेसारखे काम केले तर त्याला तुरुंगात टाका. ती दुरुस्ती पुढे त्या स्वरूपात कायद्यात उतरली नाही. पण कामगाराला तुरुंगात घालायला सिनेटला एक दिवस पुरला आणि त्याच्या हातात मोजे घालायला सरकारला पाच वर्षे लागली, हे विसरू नये.

औषधाची गोष्ट मला सर्वांत उद्बोधक वाटते. सुई लागल्यानंतर लगेच विषाणूविरोधी औषध घेतले तर बाधा टळते का, याचे उत्तर १९९० च्या सुमारास कुणालाच खात्रीने देता येत नव्हते. प्रयोग करणार कसा? अर्ध्या जखमी कामगारांना औषध देऊन अर्ध्यांना मुद्दाम न देणे हे माणुसकीला धरून नव्हते. म्हणून संशोधकांनी जुन्या नोंदी काढल्या. सुई लागून ज्यांना बाधा झाली असे ३३ जण आणि सुई लागूनही बाधा झाली नाही असे ६६५ जण यांची तुलना केली. १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: झिडोव्हुडीन हे औषध घेतल्याने बाधेची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी घटते. आज जगभर जखमेनंतर जे औषध दिले जाते त्याचा एक मोठा आधार हा आहे. आणि हा आधार उभा आहे तो इस्पितळांच्या नोंदवह्यांवर. कुणाला, कधी, कसल्या सुईने, किती खोल लागले हे कुणीतरी लिहून ठेवले होते म्हणून शास्त्राला उत्तर मिळाले. लिहिलेच नसते तर ते सहाशे-सातशे जण शास्त्राच्या दृष्टीने जन्मालाच आले नसते.

आता त्याच नोंदींची दुसरी बाजू पाहा. १९८५ ते २०१३ या काळात अमेरिकेत कामावर बाधा झालेल्यांची खात्रीशीर प्रकरणे ५८, आणि 'संभाव्य' म्हणून ठेवलेली १५०. खात्रीशीर ५८ पैकी २४ नर्सेस. सर्जन एकही नाही. सफाई आणि देखभालीचे कामगार खात्रीशीर यादीत दोन, संभाव्य यादीत मात्र चौदा. हा फरक का? खात्रीशीर ठरायला दोन कागद लागतात. सुई लागली त्या वेळी रक्त निर्दोष होते हे दाखवणारा एक आणि नंतर दोष आला हे दाखवणारा दुसरा. पहिला कागद त्याच दिवशी तयार व्हावा लागतो. ज्याला तक्रार कुठे करायची ते माहीत आहे, जो 'मला सुई लागली, रक्त तपासा' असे वरिष्ठाला सांगू शकतो, त्याचाच तो कागद तयार होतो. उरलेले संभाव्य. अमेरिकेसारख्या कागदप्रिय देशात हे झाले.

२००० साली अमेरिकेत सुरक्षित सुयांचा कायदा झाला. त्यात दोन कलमे मोलाची होती. एक, सुई लागण्याची स्वतंत्र नोंदवही मालकाने ठेवावी. दुसरे, कोणती सुई विकत घ्यायची हे ठरवताना प्रत्यक्ष काम करणाऱ्या, अधिकारपदावर नसलेल्या कामगारांचे मत घ्यावे.

आता आपल्याकडे येऊ. भारतात एच.आय.व्ही. पहिल्यांदा १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी शोधला. (सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाला ठाऊक नसते.) १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्या काळात आपल्या इस्पितळांत कामाची जी उतरंड होती ती वर्णव्यवस्थेचीच नक्कल होती आणि पुष्कळ अंशी अजून आहे. बाधित रोग्याला तपासताना डॉक्टर दोन पावले मागे, नर्स एक पाऊल मागे, आणि त्याची घाण काढायला, प्रेत गुंडाळायला वॉर्डबॉय आणि झाडूवाला सर्वांत पुढे. शवविच्छेदनाचे तर विचारूच नका. कायद्याने ते डॉक्टरचे काम. प्रत्यक्षात कवटी फोडणारा आणि पोट चिरणारा हात बहुतेक ठिकाणी शवागारातल्या नोकराचा असतो. डॉक्टर अंतरावर उभा राहून लिहितो आणि सही करतो. त्या नोकराची जात कोणती, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. मुंबईत रेल्वेखाली सापडलेल्याला उचलायला बोलावतात त्या हमालाचेही तसेच. आपल्याकडील आपत्कालीन सेवेची पहिली फळी हीच.

माझी आई एका सरकारी इस्पितळात रोजंदारीवर आया होती. इस्पितळात आयेला 'मावशी' म्हणतात आणि वॉर्डबॉयला 'मामा'. ऐकायला गोड, पण ही नाती म्हणजे तिथली पदनामे आहेत. आडनाव कुणी विचारत नाही. २००५ सालची गोष्ट, मी दहावीत होतो. ड्रेसिंगच्या खोलीतली कचऱ्याची काळी पिशवी उचलून नेताना आतली सुई प्लास्टिक फाडून तिच्या मांडीत घुसली. सिस्टर म्हणाल्या, "काही होत नाही मावशी, स्पिरिट लावा." तिने स्पिरिट लावले, पिशवी खाली नेली, मग दुसरी पिशवी उचलली. घरी आल्यावर तिने हळद दाबली. जखम कुठेही लिहिली गेली नाही. रक्त तपासले ते तीन वर्षांनी, मी हट्ट धरला म्हणून. निर्दोष निघाले. हजारात तीन हे प्रमाण आमच्या बाजूने होते, इतकेच.

यात तिच्या बाबतीत काय काय चुकले ते आज नियमाने सांगता येते. जखम साबण-पाण्याने धुवावी. ती पिळू नये, तोंडात धरू नये, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नये. नुसत्या शाबूत कातडीवर रक्त सांडले तर भिण्याचे कारण नाही, धुतले की झाले. सुई लागली असेल तर औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, आणि ७२ तासांच्या आत घ्यायलाच हवा. औषध २८ दिवस चालते. आपल्या देशात ते सरकारी व्यवस्थेतून मिळते आणि राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २००७ पासून त्याचे सविस्तर वर्णन आहे. पण या सूचनांचा फॉर्म पाहिला की तो कुणाला डोळ्यांपुढे ठेवून केला ते लगेच कळते. त्यात प्रश्न असतो: स्रोत कोण? म्हणजे सुई कोणत्या रोग्याची? नर्सला ते सांगता येते, कारण रोगी तिच्यासमोर असतो. आयेच्या मांडीत घुसलेली सुई पिशवीतली, पिशवीत सबंध वॉर्ड. झाडणाऱ्याला रोगी कधीच दिसत नाही, त्याला फक्त रोग्याने मागे टाकलेले दिसते. स्रोत अज्ञात असला तरी औषधाचा विचार करावाच, असे सूचना सांगतात. तरीही रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरसमोर उभ्या असलेल्या बाईला 'माहीत नाही' एवढे एकच उत्तर देता येते, आणि आपल्या संस्थांत 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला परत पाठवतात.

कायदे आपल्याकडेही आले. १९९८ साली जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम झाले. २०१६ साली ते नव्याने आले. सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबा, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा तपासणी. २०१७ साली एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध कायदा संमत झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. त्याचे एकोणिसावे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. सावधगिरीची साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि जखमेनंतरचे औषध हे सारे आस्थापनेने पुरवावे, असे ते सांगते. आणि ते कुणाला, तर आस्थापनेत काम करणाऱ्या, ज्यांना बाधेचा धोका आहे अशा सर्व व्यक्तींना. कलमात शब्द 'व्यक्ती' असा आहे. कायम नोकर, कंत्राटी नोकर असा भेद त्यात नाही. आरोग्यसेवेतील ज्या आस्थापनेत वीस किंवा अधिक माणसे आहेत तिथे तक्रार अधिकारी नेमणेही बंधनकारक आहे.

पण हा कायदा आला तोवर इस्पितळांची सफाई मोठ्या प्रमाणात ठेकेदारांकडे गेली होती. आता बाई काम इस्पितळात करते, हजेरी ठेकेदाराच्या मस्टरवर लागते. सुई लागली तर इस्पितळ म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो उद्यापासून येऊ नको. ही धास्ती निराधार नाही. मुंबई उच्च न्यायालयात १९९७ साली निकाल लागलेले एक प्रकरण आहे. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी मजुराला बाधा आढळली म्हणून कामावरून काढले होते. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवले आणि त्याच्या बाजूने निकाल दिला: माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि त्याच्यापासून इतरांना लक्षणीय धोका नसेल तर केवळ बाधेमुळे काम नाकारता येणार नाही. निकाल चांगला आहे. परंतु तो मिळवायला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे प्रत्येक रोजंदारीवाल्याला न वाचताही कळते. म्हणून तो जखम लपवतो. आणि जखम लपवली की भरपाईही गेली. आरोग्यसेवेतील कामात जडलेला संसर्गजन्य रोग हा व्यवसायजन्य रोग म्हणून १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टातच होता. तरी रोग कामावर जडला हे दाखवायला पुन्हा तोच पहिल्या दिवसाचा कागद हवा.

आमच्यातले काही मित्र या ठिकाणी सावित्रीबाईंचे नाव घेतात. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या, त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. ते मरण त्यांनी स्वतःच्या विवेकाने पत्करले होते. रोजाच्या मजुरीसाठी पिशवी उचलणाऱ्या बाईकडून तोच त्याग अपेक्षिणे आणि तिला 'कोरोना योद्धा'सारखी बिरुदे देणे ही लबाडी आहे. २०२० साली टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. त्याच वर्षी हातमोजे मागणाऱ्या सफाई कामगारांना ते पुरेसे मिळाले नाहीत, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

इस्पितळाच्या भिंतीबाहेर गेले की एकोणिसावे कलमही संपते. डब्याऐवजी साध्या कचऱ्यात गेलेली सुई शेवटी कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात येते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासद बहुतेक दलित स्त्रिया. १९९६ पासून त्यांच्या ओळखपत्रांवर महापालिकेची मान्यता आली. ओळखपत्र आले म्हणजे निदान दवाखान्यात सांगायला नाव आले. पण सुई लागल्यावर ती बाई कोणत्या आस्थापनेची, तिच्या लसीचा खर्च कुणाचा, आणि ७२ तासांत ती नेमके कुणाच्या दारात उभी राहणार, याची तरतूद २०१७ च्या कायद्यात नाही. ज्या शहरांत पंचायत नाही तिथे तिच्याजवळ ओळखपत्रही नाही.